काठातली दारू

फर्मागुडीची रेंज, सकाळी साडेआठ, लेन चार.
ट्रिगर ओढला गेला
आणि आवाज आला तो एवढाच : टक.
बॉलपेनचं बटण दाबल्यासारखा.

"बोल्टला हात लावू नकोस, ऑलिंडा.
नळी समोर. तीस मोजतो मी."

एक, दोन, तीन.
बावीसच्या काडतुसाला बुडात टोपी नसते.
त्याचा मसाला काठाच्या घडीत,
नेवरीच्या मुरडीत सारण सरकावं तसा,
ओला असतानाच गरगर फिरवून बसवलेला.
फिरवणारं यंत्र जरा आळसावलं
की मुरडीत एखादी जागा रिकामी राहते
आणि पिन नेमकी तिथंच येऊन आपटते.

अकरा, बारा.
ठिणगी कधीकधी उशिरा पोचते.
टक, मग काहीच नाही, मग अचानक सगळं.
सांकवाळच्या फेस्ताला माझा चुलतभाऊ दामू
विझलं वाटतं, म्हणत गर्नालावर वाकला होता.
त्याची उजवी भुवई अजून आलेली नाही.

एकोणीस.
आई उसगावला काजूच्या कारखान्यात गर निवडायची.
शेजारणीशी बोलता बोलता, खाली न बघता
ओंजळीत घोळवून खवट तेवढे बाजूला.
मीही पन्नासाची डबी तशीच घोळवतो :
हे शिसं तिरपं, याचं मेण चिकट,
याच्या पितळेवर हिरवट डाग.
पण काठ आतून रिता असेल
तर बोटांना काही कळत नाही.

"दमट हवा हो," मागून खांडेपारकर म्हणाले.
"गोव्यात काय कोरडं राहतं?
फिरवून लावा, दुसऱ्या घावाला उडेल."
डबे सीलबंद होते.
आतले सिलिकाचे दाणे निळेच होते.
स्वस्त मात्र होतं, हे खरं.

तीस.
काडतूस बाहेर आलं. काठावर पिनेचा घाव
खोल, स्वच्छ, जिथं असायला हवा तिथंच.
रायफलची काही चूक नाही.
तेलाच्या डब्यात टाकलं. या लॉटमधलं सातवं.

मग अकरावा शॉट.
फुस्स.
सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा,
खांद्याला धक्का नाही, कागदाला भोक नाही.
आणि पोरीचा हात सवयीनं पुढच्या काडतुसाकडे गेलेला.

"थांब!"
बाहेर पार्किंगमध्ये कुत्रं उठून बसलं, असा ओरडलो.

बोल्ट काढला, गज घातला.
गज वीतभर आधीच अडला.
शिसं नळीत बसून होतं, निवांत,
जागा अडवलेल्या पाहुण्यासारखं.
मागून दुसरी गोळी आली असती तर...
हे वाक्य मी तिच्यासमोर पुरं केलं नाही.
तिला सोळावं लागलंय. डोळा नळीपासून हातभर.

ती म्हणाली, "सर, हा शॉट धरणार का?"

दुपारी फॉर्म भरायला बसलो.
रकाना चौथा : कारण.
खांडेपारकरांनी खुर्ची जवळ ओढली.
"नेमबाजाची चूक लिहा. मिटलं.
नाहीतर अकरा हजार परत पाठवायची,
आणि मे महिन्यात मुलांनी काय, तोंडानं ठो म्हणायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.
इथं दारू म्हटलं की लोक बाटलीकडे बघतात,
आणि बाटलीतली बिघडली
तर निदान वास तरी येतो.

टेबलावर कागदात ते शिसं,
एका बाजूनं घासलेलं, जुन्या पैशासारखं.
ऑलिंडाला ते हवं होतं. नियमात बसत नाही, म्हटलं.
ती दाराशी ग्लोव्ह काढत उभी होती, घरी न जाता.

मी लॉट नंबर लिहिला, सगळे आकडे, शून्यांसकट.
खाली सही केली
आणि पेनचं बटण दाबलं.

टक.

तिनं झटकन मान वर केली.
तिचे ओठ हलायला लागले :
एक, दोन,